सशांच्या जागी माणसं : बॉक्स हिलवरची पहिली तोड

१९५९ साली बेचाळीस स्वयंसेवक इंग्लंडमधल्या एका टेकडीवर चढले आणि निसर्ग वाचवण्यासाठी झुडपं तोडायला लागले. झाडं लावायला नव्हे, तोडायला. पुढे टीव्हीवरून घराघरांत पोहोचलेला वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलामी त्या बेचाळिसांत होता. टेकडीचं नाव बॉक्स हिल, झुडपाचं नाव डॉगवुड, आणि ज्या पथकाची ही पहिली मोहीम होती त्याचं नाव कॉन्झर्व्हेशन कोअर.

ब्रिटनमधल्या संघटित स्वयंसेवी संवर्धनाची गोष्ट बहुतेकदा इथून सुरू होते. ती सांगताना भर असतो तो उत्साहावर, तरुणाईवर, पुढे वाढलेल्या संस्थेवर. मला मात्र या प्रकरणात कायम कुतूहल वाटत आलंय ते त्या झुडपाचं. इतक्या लोकांना एकत्र आणून एका साध्या, देशी, निरुपद्रवी झुडपावर सोडण्याची वेळ का आली? आणि त्यांनी ते तोडल्यावर काम संपलं का?

टेकडी आणि तिचं गवत

बॉक्स हिल लंडनच्या नैर्ऋत्येला सुमारे तीस किलोमीटरवर, सरे परगण्यात आहे. नॉर्थ डाउन्स या खडूच्या दगडाच्या डोंगररांगेचाच हा भाग. पायथ्याशी मोल नदी वाहते आणि तिनेच टेकडीची पश्चिमेकडची बाजू कापून काढली आहे. त्या उभ्या उतारांवर बॉक्सची सदाहरित झाडं वाढतात, त्यावरून टेकडीला नाव पडलं. १९१४ मध्ये लिओपोल्ड सॉलोमन्स यांनी ही जागा विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या निसर्गरम्य जागा आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली. म्हणजे इमारती, खाणी, प्लॉट यांच्यापासून ती त्याच वर्षी वाचली. मालकी सुरक्षित, हेतू चांगला, वर कुंपणाचीही गरज नाही. तरीही चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिथली खरी संपत्ती हातातून निसटू लागली होती.

ती संपत्ती म्हणजे गवत. खडूच्या दगडावर मातीचा थर इंचा-दोन इंचांचा. पाणी झरझर निघून जातं, नत्र आणि स्फुरद जेमतेम. शेतकऱ्याच्या नजरेला ही जमीन कंगाल. पण जमीन कंगाल असल्यामुळेच इथे कुणालाच माजता येत नाही. सुपीक मातीत दोन-चार दांडगी गवतं बाकीच्यांना गिळून टाकतात, इथे सगळेच अर्धपोटी, म्हणून सगळ्यांनाच जागा मिळते. चांगल्या खडूमाळावर एका चौरस मीटरमध्ये तीस-चाळीस जातींच्या वनस्पती सापडतात. ऑर्किडं, रानटी थाइम, बारीक पात्याचं शीप्स फेस्क्यू गवत, आणि हॉर्सशू व्हेच नावाची एक बुटकी, पिवळ्या फुलांची शेंगवर्गीय वनस्पती. तिच्या शेंगांचे पेर घोड्याच्या नालेसारखे वळलेले असतात. ही शेवटची वनस्पती लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

हा माळ आपोआप माळ राहत नाही. शतकानुशतकं मेंढ्यांनी तो खाऊन खाऊन माळ ठेवला. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या पट्ट्यात जुनी पद्धत अशी होती की मेंढ्या दिवसा डोंगरावर चरायच्या आणि रात्री खालच्या शेतांत बसवल्या जायच्या. लेंड्या शेतात पडायच्या. थोडक्यात, डोंगराचं खत रोज थोडं थोडं खाली जायचं आणि डोंगर गरीबच राहायचा. कुणी वनस्पतींच्या भल्यासाठी हे केलेलं नव्हतं, गव्हासाठी केलं होतं. विसाव्या शतकात ही पद्धत मोडत गेली. मेंढ्या कमी झाल्या आणि चराईचा भार पडला सशांवर.

एका माणसाने सोडलेला विषाणू

इथे प्रकरण सरे परगण्यातून उठून थेट फ्रान्सला जातं, आणि हा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटतो.

मिक्सोमॅटोसिस हा सशांचा विषाणूजन्य रोग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या सशांना त्याचा फारसा त्रास होत नाही, युरोपीय सशाला मात्र तो ठार करतो. ऑस्ट्रेलियाने १९५० मध्ये सशांच्या बंदोबस्तासाठी तो मुद्दाम सोडला. ते वाचून पॉल-फेलिक्स आर्मां-दलील या निवृत्त फ्रेंच डॉक्टरांनी १९५२ मध्ये स्वतःच्या इस्टेटीवर तो आणला. इस्टेटीला भिंत होती. आपल्या आवारातले ससे मरतील, बाहेर काही जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. डास आणि पिसवा भिंत मोजत नाहीत. रोग फ्रान्सभर पसरला. डॉक्टरांना आधी दंड झाला आणि पुढे शेती-वनांच्या वर्तुळातून पदकही मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच कृत्याबद्दल.

१९५३ मध्ये रोग इंग्लिश खाडी ओलांडून केंट परगण्यात दिसला. केंट म्हणजे सरेचा शेजार. पुढच्या दोनेक वर्षांत ब्रिटनमधले शंभरातले पंचाण्णवहून अधिक ससे मेले.

शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पिकं वाचली. खडूच्या माळांवर मात्र एका हंगामात चराई बंद पडली. गवत उंच झालं. गवतात झुडपांची रोपं जगू लागली, जी आतापर्यंत कोंब दिसताच खाल्ली जात होती. हॉथॉर्न आलं, आणि डॉगवुड आलं. एक गोष्ट इथे नोंदवायला हवी : ससासुद्धा मूळचा ब्रिटिश नाही, नॉर्मन लोकांनी तो आणला. परक्या प्राण्याने सांभाळलेला माळ परक्या विषाणूने उघडा पाडला आणि देशी झुडपाने व्यापला. ‘देशी म्हणजे चांगलं, परकं म्हणजे वाईट’ एवढ्या एका सूत्रावर संवर्धन चालवणाऱ्यांनी या वाक्यापाशी थोडं थांबावं.

ब्रिगेडियर आणि सोळा वर्षांवरची मुलं

कौन्सिल फॉर नेचर ही निसर्गसंस्थांची मध्यवर्ती संघटना १९५८ मध्ये उभी राहिली. तिने दुसऱ्याच वर्षी कॉन्झर्व्हेशन कोअर सुरू केलं आणि ते चालवायला ब्रिगेडियर ई. एफ. आर्मिटेज या लष्करी अधिकाऱ्याला नेमलं. कल्पना साधी होती : सोळा वर्षांवरच्या तरुणांना प्रत्यक्ष कामाला लावायचं. भाषणं नकोत, पत्रकं नकोत, हातात हत्यार द्यायचं.

लष्करातला माणूस नेमणं पाहून हसू येतं, पण मला ती निवड शहाणपणाची वाटते. निसर्गप्रेमींच्या संस्थांत ज्ञानी माणसं भरपूर असतात. बेचाळीस माणसांना ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी आणून, प्रत्येकाला काम देऊन, कुणाचं बोट न तुटता परत नेणारा माणूस मात्र क्वचित असतो. ऑर्किड ओळखणं हे एक कौशल्य आणि माणसं हाताळणं हे निराळं. स्वयंसेवी गट बहुतेक वेळा पहिल्याच्या अभावी नाही, दुसऱ्याच्या अभावी मोडतात.

पहिली जागा म्हणून बॉक्स हिल निवडणंही नेमकं होतं. लंडनहून एका दिवसात जाऊन येता येतं. जमिनीचा मालक एकच आणि तो अनुकूल. काय करायचं ते स्पष्ट : डॉगवुड काढा, माळ मोकळा करा. आणि संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर केलेलं काम डोळ्यांना दिसतं. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक समजू नये. नदीच्या पाण्यातलं नत्र कमी करण्यासाठी वर्षभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी काही दिसत नाही. नव्या गटाला पहिलं काम द्यायचं ते असं द्यावं की ज्याचा फरक घरी जाण्याआधी दिसेल.

नेमकी याच कामात एक फसगतही होती, कारण डॉगवुड तोडल्याने मरत नाही.

तोडणं म्हणजे काय

डॉगवुड हे हट्टी झुडूप आहे. जमिनीखाली त्याच्या मुळांतून नवे कोंब फुटत जातात आणि एका झुडपाचं बेट होतं. वरून कापलं की खुंटाला एकाच्या जागी पाच-सात धुमारे येतात. म्हणजे एकदाच तोडून निघून गेलेला गट काही वर्षांनी परत आला तर त्याला आधीपेक्षा दाट रान सापडू शकतं. उपटून काढावं तर पातळ माती मुळांबरोबर उखडते आणि उतारावर धूप सुरू होते.

म्हणून अनुभवी गट तीन गोष्टी पाहतात. तोड जमिनीलगत घ्यायची, गुडघ्याएवढे खुंट ठेवायचे नाहीत, कारण पुढे तिथून गवत कापायचं यंत्र फिरायचं असतं आणि गुरांचे पाय पडायचे असतात. दुसरं, पुन्हा येणाऱ्या धुमाऱ्यांचं काय करणार, हे आज तोडण्याआधी ठरवायचं : खुंटावर तणनाशकाचा बोळा फिरवायचा, दरवर्षी कोवळे धुमारे कापायचे, की चरायला जनावर आणायचं. तिसरं पक्ष्यांचं. घरट्यांचा हंगाम मार्चच्या सुमारास लागतो, त्याआधी हिवाळ्यातच झुडपांचं काम उरकायचं.

यानंतर येतो तो कंटाळवाणा भाग, जो छायाचित्रात कधी नसतो. कापलेल्या फांद्या उचलायच्या. तोडणाऱ्याला मजा येते, ओढणाऱ्याची कंबर जाते. पण फांद्या आणि पाला तिथेच कुजू दिला तर त्याचं खत होतं, आणि खत हाच तर या माळाचा शत्रू. झुडपाखाली वर्षानुवर्षं साचलेला पालाही दाताळ्याने ओढून काढावा लागतो. फांद्या जाळायच्या तर ठरलेल्या एकाच जागी जाळायच्या, नाहीतर जिथे राख पडेल तिथे पुढे खाजकुइलीसारखी अंगाला आग लावणारी नेटलची झुडपं उगवतात. सुपीक करणं हेच जिथे नुकसान आहे अशा जमिनीवर राबायचं, तर माणसाला आपली सगळी बागकामाची सवय उलटी करावी लागते.

आणि सगळं तोडायचं नसतं. हे नवख्या गटाला पटवणं सगळ्यात अवघड. करवत हातात आली की माणसाला सफाचट मैदान हवं असतं. पण झुडपं आणि गवत यांच्या काठावरच काही जीव राहतात. ड्यूक ऑफ बरगंडी या फुलपाखराला उघडा माळ नको, झुडपांची आडोशाची कड हवी. बॉक्स हिलवर मोठी रोमन गोगलगायही आढळते, तिला २००८ पासून इंग्लंडमध्ये कायद्याचं संरक्षण आहे. ज्युनिपर हेसुद्धा झुडूपच, आणि खडूच्या टेकड्यांवर ते दुर्मिळ होत चाललं आहे. गडबडीत एखाद्याने तेही डॉगवुडबरोबर आडवं केलं तर दिवसभराच्या कामाचं नुकसान फायद्यापेक्षा जास्त. म्हणून तोडीच्या आधी कुणीतरी जाणत्याने ठेवायच्या झुडपांना फीत बांधणं, हे करवतीला धार लावण्याइतकंच गरजेचं.

यात मग ये-जा करणाऱ्यांचा प्रश्न येतो. फिरायला आलेल्या माणसाला दिसतं काय, तर ‘निसर्गप्रेमी’ म्हणवणारा जमाव झाडोरा कापून पेटवतोय. त्याचा संताप खोटा नसतो. अशा ठिकाणी एक स्वयंसेवक फक्त बोलण्यासाठी वाटेवर उभा ठेवावा, हातात काही न देता. त्याने एक हात काम कमी होतं, पण पुढचे सहा महिने तक्रारींना उत्तरं लिहिण्याचा त्रास वाचतो.

निळ्या फुलपाखराचा हिशेब

काम यशस्वी झालं हे कसं ठरवायचं? किती झुडपं कापली, किती माणसं आली, किती तास राबली, हे आकडे गोळा करायला सोपे आणि म्हणून सगळ्या अहवालांत तेच असतात. ते कष्ट मोजतात, माळ मोजत नाहीत.

बॉक्स हिलसारख्या जागी खरा लेखापाल म्हणजे अडोनिस ब्लू हे फुलपाखरू. नराचे पंख लखलखीत निळे. मादी अंडी घालते ती फक्त हॉर्सशू व्हेचवर, आणि तेही ऊन खाणाऱ्या उतारावर, बोटाच्या दोन पेरांपेक्षा बुटक्या गवतात. अळीच्या अंगातून गोड स्राव पाझरतो. त्यासाठी मुंग्या तिच्याभोवती असतात, तिला मातीने झाकतात, शत्रूंपासून राखतात. गवत वाढलं की जमीन गार पडते, उबेला लागणाऱ्या मुंग्या हटतात, व्हेच सावलीत दबते आणि फुलपाखरू संपतं. मिक्सोमॅटोसिसनंतर त्याची नेमकी हीच गत झाली, ब्रिटनभर त्याच्या वसाहती कोसळल्या.

याच साखळीची अधिक कडू आवृत्ती लार्ज ब्लू या दुसऱ्या फुलपाखराची. संग्राहक ते पकडून नेतात म्हणून त्याच्या एका जागेला कुंपण घातलं गेलं. संग्राहक थांबले, पण मेंढ्याही थांबल्या. गवत वाढलं, ज्या एका जातीच्या मुंगीच्या बिळात त्याची अळी वाढते ती मुंगी गेली, आणि १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झालं. कारण कळेपर्यंत उशीर झाला होता. पुढे स्वीडनमधून आणून, गवताची उंची राखून ते पुन्हा वसवावं लागलं.

त्यामुळे कापणाऱ्यांइतकीच मोजणारी माणसं महत्त्वाची. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची नियमित मोजणी चालते आणि ती बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर. एप्रिलपासून सप्टेंबरअखेर, आठवड्यातून एकदा, तीच ठरलेली वाट चालायची आणि दोन्ही बाजूंच्या मिळून पाच मीटर पट्ट्यात दिसलेलं प्रत्येक फुलपाखरू लिहायचं. सव्वीस आठवडे. एकही शेकोटी नाही, गाणी नाहीत, सामूहिक छायाचित्र नाही. हा स्वयंसेवक एकटाच असतो आणि त्याच्या वहीशिवाय करवतवाल्यांना कळणारच नाही की त्यांनी योग्य ठिकाणी कापलं की नाही.

गळ्यात पट्टा घातलेली गुरं

आता मूळ प्रश्नाकडे. ससे गेले म्हणून माणसं आली. मग माणसं कायमची सशांच्या जागी राबणार का?

काही अंशी हो. पण बेचाळीस माणसांनी वर्षातून काही दिवस येऊन जे होतं ते रोज चरणाऱ्या जनावराच्या तोडीचं नाही. माणूस सगळं एका उंचीवर कापतो. जनावर इथे खातं, तिथे सोडतं, खुराने कुठे माती उघडी करतं. त्या उघड्या मातीच्या टीचभर जागेतच बी रुजतं. म्हणून बॉक्स हिलवर आज नॅशनल ट्रस्टची बेल्टेड गॅलोवे गुरं चरतात. काळी, मध्ये पांढरा पट्टा असलेली, मूळची स्कॉटलंडची काटक जात. निकस चाऱ्यावर आणि झुडपाच्या कोवळ्या फांद्यांवर ती निभावतात. उघड्या टेकडीवर तारेचं कुंपण घालायचं तर फिरणाऱ्यांची अडचण आणि दृश्याची नासाडी, म्हणून गळ्यातल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांनी त्यांना हद्दीत ठेवण्याची पद्धत तिथे आली. हद्दीजवळ गेलं की पट्टा आवाज करतो, तरी पुढे गेलं तर हलका झटका. गुरं आवाजावरूनच वळायला शिकतात.

दक्षिण इंग्लंडमध्ये चरणाऱ्या जनावरांवर रोज नजर ठेवणाऱ्याला ‘लुकर’ म्हणण्याची जुनी रीत आहे. आता अनेक राखीव माळांवर हे काम स्वयंसेवक करतात : जनावरं मोजायची, लंगडतंय का बघायचं, पाण्याची टाकी भरलेली आहे ना पाहायचं. करवत सोडून माणूस पुन्हा गुराख्याच्या भूमिकेत आला, फक्त आता गहू पिकवण्यासाठी नाही.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचा मार्ग याच टेकडीवरून गेला. पुरुषांनी इथल्या चढाच्या नऊ फेऱ्या मारल्या, महिलांनी दोन. लाखभर लोक सहज आले असते. पण गवताच्या काळजीपोटी टेकडीवरच्या प्रेक्षकांना तिकीट लावून संख्या पंधरा हजारांवर रोखली. ज्या माळासाठी १९५९ मध्ये काही तरुणांना वेळ काढावा लागला, त्याच्यापुढे ऑलिंपिकने आपली गर्दी आवरती घेतली, हे मला फार गोड वाटतं.

त्याच वर्षी संस्थेनेही नाव बदललं. कॉन्झर्व्हेशन कोअरचं १९७० मध्ये ब्रिटिश ट्रस्ट फॉर कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटिअर्स झालं होतं, प्रिन्स फिलिप आश्रयदाते होते. २०१२ पासून ती द कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटिअर्स या नावाने चालते. मधल्या काळात काम दगडी कुंपणांपासून नद्यांपर्यंत आणि शहरांतल्या पडीक तुकड्यांपर्यंत पसरलं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम बर्ड या डॉक्टरांबरोबर तिने ग्रीन जिम सुरू केली : व्यायामशाळेत लोखंड उचलण्याऐवजी फांद्या ओढा. कल्पना चांगली आहे, माझी एकच शंका. माणसाची तब्येत हा हेतू पुढे आला की जागेची निवड माणसांच्या सोयीने होऊ लागते, वाहनतळ जवळ, चढ कमी. डॉगवुड चढावरच असतं.

बॉक्स हिलच्या उतारांवर ते आजही आहे. उन्हाळ्यात हिरव्या गर्दीत शोधावं लागतं. थंडीत पानं झडली की त्याच्या कोवळ्या काड्या गडद लाल दिसतात, अगदी समोरच्या टेकडीवरूनही. गेल्या खेपेला कुठे तोड झाली होती आणि कुठे धुमारे सुटले, ते तेव्हा दुरूनच मोजता येतं, आणि करवती बाहेर काढायचा हंगामही तोच असतो.